कुपवाडच्या जुन्या शेडमध्ये सरकारी पैसा आणायचा कसा

आमच्या सांगलीकडं कुपवाड, माधवनगर, मिरज एमआयडीसी, कुठंही चक्कर मारा, एखादं तरी गेट कुलूपबंद दिसतंय आणि आत बाभळी. टपरीवर चर्चा एकच, मोठी कंपनी कधी येणार. ती येईल तेव्हा येईल, पण शासनाच्या बऱ्याच योजना आपल्यासारख्या लेथवाल्यांसाठीच आहेत, फक्त एकटा गेलात की साहेब फॉर्म हातात देतो आणि विषय तिथंच संपतो. म्हणून क्लस्टर करून, म्हणजे एकाच धंद्यातल्या छोट्या कारखान्यांचा गट करून जायचं.

पहिली उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद. आधार, पॅन, अर्ध्या तासाचं काम, सरकारी साईटवर एक रुपया लागत नाही. तरी एजंटला दीड हजार देणारे आमच्या लाईनीत तिघं निघाले, त्यातला एक मी.

मग लगेच मशीनची यादी करत बसू नका, आधी सगळ्यांचं एकच दुखणं शोधा, इथं घाई नको. आमचं काय होतं, शाफ्ट टर्निंग होऊन तयार, पण हार्डनिंगला, म्हणजे भट्टीत तापवून कडक करायला, कोल्हापूरला धाडायचा, टेम्पो भरेपर्यंत थांबायचं, तिकडं नंबर लागायची वाट बघायची, आणि परत आल्यावर एखादा वाकडा निघायचाच. प्रत्येकानं महिनाभर वहीत लिहा, बाहेर किती किलो गेलं, भाडं किती, रिजेक्ट किती. पुढं डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल करताना कन्सल्टंट हेच विचारतो, आणि वही नसली की तो दुसऱ्या गावचा रिपोर्ट नाव बदलून चिकटवतो.

केंद्राच्या एमएसई-सीडीपीत, म्हणजे छोट्या उद्योगांच्या क्लस्टर योजनेत, कॉमन फॅसिलिटी सेंटरला, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या भट्टी-मशीनच्या केंद्राला, 5 ते 10 कोटीच्या प्रकल्पाला 70 टक्के आणि 10 ते 30 कोटीला 60 टक्के अनुदान आहे, फाईल मात्र जिल्हा उद्योग केंद्रातून राज्यामार्फतच वर सरकते. एवढी उडी झेपत नसेल तर राज्याचा स्वतःचा औद्योगिक समूह विकास कार्यक्रम बघा, मला तर आपल्या मापाचा तोच वाटतो. दोन्हीकडं सगळ्यांची मिळून कंपनी काढावी लागते, तिला एसपीव्ही म्हणतात. केंद्राकडं कमीत कमी 20 युनिट लागतात आणि एकाच्या नावावर 10 टक्क्यांपेक्षा जास्त शेअर चालत नाहीत. हा नियम लय भारी, नाहीतर ज्याचा पैसा जास्त त्याचाच जॉब आधी भट्टीत. वीस जण एकत्र येत नाहीत म्हणणाऱ्यांनी मिरजेच्या तंतुवाद्यवाल्यांकडं बघावं, 2024 ला सतार आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे त्या गावच्या मालाची सरकारी ओळख, मिळवलं की त्यांनी.

स्वतःचं युनिट वाढवायचं असेल तर राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना वेगळी. व्याज, वीज शुल्क, एसजीएसटी (राज्याच्या वाट्याचा जीएसटी) असल्या सवलती, पण ती शहर बघत नाही, तालुका बघते, पुढारलेल्या ए पासून मागास डी प्लसपर्यंत गट पाडलेत, पुढारलेल्याला सवलत कमी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सनं जुन्या गिरण्यांच्या गावांना कायद्यातच गेटवे सिटी असं नाव दिलंय, वस्ती 35 हजार ते अडीच लाख आणि उत्पन्न राज्याच्या सरासरीखाली. आपल्याकडं तसं काय नाही, तालुका पुढारलेला ठरला की त्यातली ओस पडलेली वसाहत पण पुढारलेलीच! त्यामुळं कर्ज काढायच्या आधी आपल्या तालुक्याचा गट विचारून घ्या.

आणि जागा. बंद शेड घेणार असाल तर प्लॉट ट्रान्सफरला एमआयडीसीची परवानगी आणि फी दोन्ही लागतंय. पाणी, वीज, सगळ्याचं नो ड्यूज हातात पडल्याशिवाय बयाणा देऊ नका. आमचा एक दोस्त देऊन बसला, मागच्या मालकाचं वीजबिल अजून तोच निस्तरतोय.