पोलिसाला ‘शुअर’ म्हणण्याआधी

अमेरिकेत नवीन आलेली मंडळी बँक, लायसन्स, भाड्याचं घर, सगळं विचारतात. पोलिसांबद्दल कुणी विचारत नाही. ‘आपण सरळ माणसं, आपल्याला काय होतंय!’ मीही असाच सरळ होतो.

तिसऱ्या वर्षी एका रात्री टेललाइट बंद म्हणून मला थांबवलं. पोलीस हसतमुख. लायसन्स परत देता देता म्हणाला, गाडीत जरा बघितलं तर चालेल ना? मी म्हणालो, ‘शुअर, शुअर!’ ग्लव्ह बॉक्समध्ये आई विसरून गेलेली झोपेच्या गोळ्यांची स्ट्रिप निघाली. चार गोळ्या उरलेल्या. ना डबीवर नाव, ना डॉक्टरची चिठ्ठी. त्या गोळ्यांतलं अल्प्राझोलाम इथे नियंत्रित औषध आहे आणि स्वतःच्या नावाचं प्रिस्क्रिप्शन नसताना ते बाळगणं गुन्हा. बेड्या पडल्या. वकिलापायी दोन महिन्यांचा पगार गेला. केस पुढे रद्द झाली, पण व्हिसाच्या फॉर्मवर ‘कधी अटक झाली होती का?’ ह्यापुढे मला आजही ‘हो’ लिहावं लागतं.

वकिलाने पहिलं हेच विचारलं, ‘हो कशाला म्हणालास?’ संमती नसेल तर गाडी तपासायला पोलिसाकडे सबळ कारण लागतं. तुम्हाला नकार देता येतो हे सांगायला मात्र तो बांधील नाही. १९७३ साली सुप्रीम कोर्टानेच तसं ठरवलंय. तेव्हा पाठ करा: ‘आय डोन्ट कन्सेन्ट टू अ सर्च.’ हात स्टिअरिंगवर, आवाज शांत. लायसन्स हातात आलं की विचारा, ‘अ‍ॅम आय फ्री टू गो?’ श्वानपथक येईपर्यंत उगाच थांबवून ठेवता येत नाही, हा २०१५चा निकाल. उतरायला सांगितलं तर मात्र निमूट उतरा. नकार देऊनही त्याने तपासलंच तर आडवे जाऊ नका. ते भांडण कोर्टात.

चौकशीबद्दल सिनेमांनी घोळ घातलाय. ‘मिरांडा’, म्हणजे ‘गप्प राहायचा आणि वकील मागायचा तुम्हाला हक्क आहे’ ही सूचना, वाचून दाखवलं नाही म्हणजे सुटलो, असं नसतं. १९६६चा तो नियम ताब्यात घेऊन चौकशी करतात तेव्हाचा. रस्त्याकडेला गप्पांच्या ओघात बोललेलं तुमच्यावरच उलटू शकतं. आणि नुसतं गप्प बसणंही पुरत नाही, गप्प राहतोय हे तोंडाने सांगावं लागतं (२०१०). वकीलही ठाम मागा. ‘मेबी आय शुड टॉक टू अ लॉयर’ ही मागणी धरत नाहीत. आपल्याला प्रत्येक वाक्याला ‘जमलं तर’, ‘बघा बुवा’ लावायची खोड. इथे ती नडते. ‘तुझ्या मित्राने सगळं कबूल केलंय’ असं पोलीस खोटं सांगू शकतात. तुम्ही खोटं बोलू नका; फेडरल अधिकाऱ्याशी खोटं बोलणं हाच वेगळा गुन्हा होतो.

मंडळातले जुने काका सांगतील, ‘सहकार्य करा, सर सर म्हणा.’ सर जरूर म्हणा. चावी देऊ नका.

पोलीस घरी आले तर दार न उघडता वॉरंट बघायला मागा, त्यावर न्यायाधीशाची सही हवी. अटक झाली तरी फोन उघडायला वॉरंट लागतं, २०१४ पासून. विमानतळावर देशात शिरताना ह्यातलं बरंचसं लागू नाही. तिथे बॅग वॉरंटशिवाय उघडतात.

आणि प्रकरण कोर्टात गेलंच, तर ‘किरकोळ आहे, कबूल करून मोकळे व्हा’ म्हणणाऱ्याचं ऐकण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करा.