जुन्या मिलिंग मशीनसाठी मोटर शोधताना

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत मेन्टेनन्सला नवीन लागलेल्या पोराला हे काम कधी ना कधी अंगावर येतंच: "मिलिंगची मोटर गेलीय, दुसरी बघ." पोरगा दुकानात जाऊन दोन एचपीची मोटर मागतो, दुकानदार देतोही. मशीनपाशी आणल्यावर कळतं की पायाची होलं जुळत नाहीत आणि पुली शाफ्टवर डुगडुगतेय. दोन एचपीच्या मोटरीही वेगवेगळ्या मापाच्या असतात, त्यामुळे माझ्या मते एचपीच्या आधी मापं घ्यावीत.

आणि मापांच्याही आधी जुनी मोटर का जळाली ते बघावं. वाइंडरने (मोटर रिवाइंड करणाऱ्याने) ती उघडली की स्वतः शेजारी उभं राहा. मोटरच्या कॉइल जोडायच्या दोन पद्धती, स्टार आणि डेल्टा. स्टारमध्ये जोडलेली मोटर एक फेज गेल्यामुळे जळाली असेल तर दोन फेजच्या कॉइल काळ्या पडतात आणि तिसरी नव्यासारखी राहते. डेल्टातली असेल तर उलट, एकच जळते आणि दोन शाबूत. असं दिसलं तर दोष मोटरच्या बाहेर आहे: उडालेला फ्यूज, कॉन्टॅक्टरचा झिजलेला पॉइंट, नाहीतर सैल लग. तो सापडल्याशिवाय नवी मोटर जोडणं म्हणजे तीही जाळणं.

नवी घ्यायची की रिवाइंड करायची? फ्लॅंज किंवा शाफ्ट आजच्या मापाचा नसेल आणि रोटर स्टॅम्पिंगला (भोवतीच्या पत्र्यांच्या गाभ्याला) घासला नसेल, तर मी डोळे झाकून रिवाइंड करतो. जुन्या मोटरीचं बीड दणकट असतं, आणि मशीनवर एकही होल नव्याने मारावं लागत नाही.

नवीच लागणार असेल तर फ्रेम साइज समजून घ्या. पायाच्या तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये मोजली की तोच फ्रेमचा आकडा. ९० फ्रेमचा शाफ्ट २४ मिमीचा, १०० आणि ११२ चा २८ चा, १३२ चा ३८ चा. साधारण १४४० आरपीएमची दोन एचपी मोटर ९०एल मध्ये येते (एल, एम ही अक्षरं फ्रेमच्या लांबीची), तीन एचपी १००एल मध्ये, पाच एचपी ११२एम मध्ये. तीच दोन एचपी ९४० आरपीएमची मागितली तर फ्रेम वाढून १००एल होते. इंग्लिश बनावटीच्या मशीनवर शाफ्ट इंचातला निघतो. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. ती पुली २४ च्या शाफ्टवर बसवायला पत्र्याची पट्टी कोंबणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. पुली बोअर करून बुश ठोका, नवा की-वे (चावीची खाच) पाडा.

मोटर कॉलमच्या पोटात बसणारी असेल तर दाराचं मापही घ्या. नव्या मोटरीचा टर्मिनल बॉक्स बहुधा डोक्यावर असतो, मागे पंख्याचं कव्हर असतं, आणि नेमका तो बॉक्सच चौकटीला अडतो. बॉक्स बाजूला असलेली मोटरही मिळते, पण ऑर्डर देतानाच तसं सांगावं लागतं.

नेमप्लेट घासून गुळगुळीत झाली असेल तर स्पीड मशीनकडूनच काढता येतो. मशीनच्या पुढच्या बाजूला असलेल्या स्पीडच्या तक्त्यावरचा एखादा गिअर टाका, समजा १८० आरपीएमचा. स्पिंडलवर खडूने खूण करा आणि मशीनकडची पुली हाताने फिरवा. पुलीच्या चार फेऱ्यांत स्पिंडलची एक होत असेल तर पुली ७२० ने फिरायला हवी. आता दोन्ही पुल्यांचे व्यास मोजा. मोटरची ९० मिमी आणि मशीनची १८० असेल तर मोटर १४४० ची, म्हणजे चार पोलची. मात्र तक्त्यावर प्रत्येक गिअरसमोर स्पीडचे दोन रकाने असतील तर मोटर दोन स्पीडची असण्याची शक्यता धरा. तशी मोटर शोधत बाजार पालथा घालण्यापेक्षा साधी मोटर आणि व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह) परवडते.

स्वतःच्या छोट्या वर्कशॉपमध्ये सिंगल फेजवर चालवायचं असेल तरी व्हीएफडीच कामी येतो, सिंगल फेजवरून मोटरला लागणारे तीन फेज तोच काढून देतो. फक्त २३० व्होल्टच्या व्हीएफडीवर ४१५ ची स्टार मोटर डेल्टात जोडावी लागते आणि त्यासाठी वाइंडिंगची सहाही टोकं बाहेर हवीत. लहान मोटरींत बऱ्याचदा तीनच टोकं बाहेर असतात, तेव्हा पैसे देण्याआधी टर्मिनल बॉक्स उघडून बघा.

बसवल्यावर ओव्हरलोड रिले (करंट जादा झाला की मोटर बंद करणारा) नव्या नेमप्लेटवरच्या करंटला सेट करा. जुन्या सेटिंगवर सोडू नका. पहिल्यांदा बेल्ट काढूनच फिरवा. उलटी फिरली तर दोन फेज अदलाबदल करायचे, पण ते मोटरच्या टर्मिनलवर. मेन स्विचला बदलले तर फीडची मोटर आणि कूलंट पंपही उलटे फिरतात. फीड उलटी चालली की लगेच दिसतं. पंप मात्र उलटा फिरूनही थोडं पाणी काढत राहतो, आणि कटर लवकर बोथट का होतोय हे कुणालाच कळत नाही.