रील अपलोड झाल्यावर पिक्सल फुटू नयेत म्हणून

अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर टिपलेली क्लिप एडिटिंग करताना पडद्यावर स्वच्छ दिसते आणि तीच इन्स्टाग्रामवर चढवली, की गुलालाच्या लोटाचे लालसर चौकोन होतात. याचे कारण व्हिडिओ साठवण्याच्या पद्धतीत आहे. कोडेक, म्हणजे व्हिडिओ आकसून साठवणारी प्रणाली, प्रत्येक फ्रेम पूर्णपणे साठवत नाही, तर आधीच्या फ्रेमच्या तुलनेत जे बदलले तेवढेच बहुतांशी नोंदवतो. भिंतीसमोर बसून बोलणाऱ्या माणसाच्या चित्रात ओठ आणि हात सोडले तर फारसे काही हलत नसल्यामुळे ते थोड्या डेटात निभावते. उधळलेला गुलाल, कोसळणारा पाऊस किंवा भरतीच्या पाण्यावरची चमक यांत मात्र चित्राचा मोठा भाग दर फ्रेमला बदलतो आणि हे सारे ठरावीक डेटात बसवण्यासाठी कोडेकला बारकावे टाकून द्यावे लागतात.

ही छाटणी एकदाच झाली असती तर फार बिघडले नसते. पहिली छाटणी चित्रीकरणाच्या वेळी फोनमध्येच होते, दुसरी एक्सपोर्ट करताना आणि तिसरी अपलोडनंतर त्या त्या माध्यमाच्या सर्व्हरवर. तिसरी आपल्याला टाळता येत नाही, म्हणून पहिल्या दोन नीट सांभाळायच्या आणि मध्ये चौथी घुसू द्यायची नाही, एवढेच आपल्या हातात उरते.

चौथी कशी घुसते, हे मी आमच्या मंडळाच्या आगमन सोहळ्याच्या वेळी पाहिले. तिघांनी आपापल्या फोनवरच्या क्लिप मला मेसेजिंग ॲपवरून पाठवल्या, मी त्या जोडून एक्सपोर्ट केल्या आणि तयार रील त्याच मार्गाने मंडळाचे खाते सांभाळणाऱ्या मुलाकडे धाडली. अपलोड झालेल्या रीलमध्ये बाप्पाच्या मुकुटावरचे खडे एकमेकांत मिसळून पिवळा डाग झाला होता. दोष त्यांच्यापैकी कोणाचाच नव्हता, चूक माझी होती. क्लिप मागतानाच त्या कशा पाठवायच्या हे मी सांगायला हवे होते. व्हॉट्सॲपवर एचडी पर्याय निवडला तरी व्हिडिओ दाबला जातोच. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर ती जशीच्या तशी पोहोचते आणि तिथे मर्यादा २ जीबीची आहे. गूगल ड्राइव्हची लिंक किंवा साधी केबलही चालते.

चित्रीकरणातली सर्वांत महागात पडणारी सवय म्हणजे फोन आडवा धरून १९२० बाय १०८० मध्ये शूट करणे आणि नंतर त्यातून उभी रील कापणे. अशा फ्रेममधून ९:१६ प्रमाणाचा उभा तुकडा काढला, तर त्याची रुंदी जेमतेम ६०८ पिक्सल भरते आणि ती १०८० पर्यंत ताणताना चित्र मऊ पडणारच. आडवे शूट करणे अटळ असेल, तर ते ४के मध्ये, म्हणजे ३८४० बाय २१६० मध्ये करावे. मग उभा तुकडा १२१५ बाय २१६० चा मिळतो आणि तो लहान करून वापरता येतो. रात्रीच्या मिरवणुकीत आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, फार वाढू देऊ नये, कारण अंधारात उठणारे दाणे दर फ्रेमला जागा बदलतात आणि कोडेक त्यांनाही हालचालच समजतो. एडिटिंगमध्ये हे दाणे कमी करणारा हलका डीनॉइज द्यावा आणि कडा धारदार करणाऱ्या शार्पनिंगचा मोह टाळावा. माझ्या मते बिघडलेल्या रील्सपैकी निम्म्यांचा घात शार्पनिंगने केलेला असतो. मंडपातल्या दिव्यांमुळे चित्रात पट्टे सरकताना दिसत असतील, तर शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर आणावे, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे.

फोनवर एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला टिपणारी पद्धत, सुरू असेल तर चित्रीकरणापूर्वीच तो बंद करावा. आयफोन १२ पासून तो मुळातच सुरू असतो आणि अशी क्लिप एडिटिंग ॲपच्या साध्या टाइमलाइनवर नीट रूपांतर न करता आणली, तर रंग फिकट किंवा भडक होतात. लोक त्याचा दोष अपलोडला देतात.

एक्सपोर्टसाठी एमपी४ फाइल, एच.२६४ कोडेक, एएसी ध्वनी ४८ किलोहर्ट्झवर आणि मूळ क्लिपचाच फ्रेमरेट, म्हणजे दर सेकंदाच्या फ्रेम्सची संख्या, ठेवावा. ३० चा माल २५ च्या टाइमलाइनवर टाकला की चाल अडखळते. यूट्यूब १०८० साठी ३० फ्रेम्सना ८ आणि ६० फ्रेम्सना १२ मेगाबिट प्रति सेकंद बिटरेट (दर सेकंदाला वापरायचा डेटा) सुचवते, तर ४के साठी २४ ते ३० फ्रेम्सना ३५ ते ४५. गुलाल-पावसाच्या क्लिपला मी १०८० मध्येही २० देतो. हे आकडे बिटचे आहेत, बाइटचे नाहीत, त्यामुळे त्यांना ८ ने भागले की फाइलचा अंदाज येतो: २० मेगाबिटने ४० सेकंदांची रील सुमारे १०० एमबीची होते. मात्र मूळ क्लिपच दाबलेली असेल, तर बिटरेट वाढवून फक्त फाइल फुगते, गेलेला तपशील परत येत नाही.

इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये मीडिया क्वालिटीखाली ‘अपलोड ॲट हायेस्ट क्वालिटी’ हा पर्याय असतो आणि तो सुरू करणे अत्यावश्यक आहे, कारण तो बंद असताना ॲप नेटवर्कच्या परिस्थितीनुसार अपलोडचा दर्जा खाली आणते. चर्चगेटहून सुटलेल्या लोकलमध्ये उभ्याने रील टाकणाऱ्याला हेच भोवते. घरी पोहोचून वायफायवर टाकावी, अर्ध्या तासाने मिरवणूक काही शिळी होत नाही. यूट्यूबवर व्हिडिओ चढताच तो धूसर दिसला, तर घाबरून काढून टाकू नये. तिथे आधी कमी रिझोल्यूशनची आवृत्ती तयार होते आणि एचडी मागाहून येते.

एक्सपोर्ट केलेली मूळ फाइल जपून ठेवावी. तीच रील महिन्याभराने फेसबुकवर हवी झाली, तर इन्स्टाग्रामवरून उतरवलेली प्रत नव्हे, ही फाइल चढवावी.