मॉडेल रेल्वेच्या लेआउटसाठी वायर कशी निवडावी

एचओ स्केलचं (खऱ्याच्या १:८७ मापाचं) हल्लीचं इंजिन सहसा अर्ध्या अँपिअरच्या आतच करंट खातं. त्यामुळे कुठलीही बारीक वायर टाकली तरी गाडी धावते आणि माणूस निर्धास्त होतो. वायरची खरी परीक्षा होते ती रुळांवर शॉर्ट झाल्यावर.

डीसीसीचा, म्हणजे गाड्या डिजिटल संदेशांनी चालवायच्या पद्धतीचा, ५ अँपिअरचा बूस्टर (रुळांना वीज पुरवणारा डबा) आणि रुळांवर १५ व्होल्ट धरा. टेबलाच्या पार टोकाला डबा घसरून शॉर्ट झाला, तर बूस्टर ट्रिप होण्यासाठी, म्हणजे आपोआप बंद पडण्यासाठी, ५ अँपिअरहून जास्त करंट वाहायला हवा. म्हणजे जाऊन-येऊन सगळ्या वाटेचा रोध ३ ओमच्या आत हवा. बारीक वायर आणि रुळांचे तुकडे जोडणारे सैल जॉइनर मिळून रोध त्यापुढे गेला, की बूस्टर ते शॉर्ट साधा लोड समजून पुरवठा चालूच ठेवतो. मग चाकापाशी उष्णता साचते आणि बोगीचं, म्हणजे चाकांच्या चौकटीचं, प्लास्टिक वितळतं. ‘गाडी चालतेय ना, मग झालं’ हा सल्ला इथेच महागात पडतो.

१. मुख्य जोडी, म्हणजे बस. टेबलाखालून जाणारी ही वायर मल्टिस्ट्रँड तांब्याची घ्या. ५ मीटरपर्यंत दीड स्क्वेअर एमएम, त्यापुढे १० मीटरपर्यंत अडीच. १० मीटरवर जाऊन-येऊन २० मीटर वायर होते. ५ अँपिअरला तेवढ्यात अर्ध्या स्क्वेअर एमएमची वायर जवळजवळ ४ व्होल्ट खाते, दीडची १.३ आणि अडीचची ०.८.

२. फीडर, म्हणजे बसपासून रुळापर्यंतची वायर. अर्धा स्क्वेअर एमएम, लांबी ३० सेंटिमीटरच्या आत. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र जोडी द्या. जॉइनरच्या भरवशावर राहू नका, ते कालांतराने सैल होतात आणि काळे पडतात.

३. खरेदी. परदेशी लेखांतला ‘१४ गेज’ दुकानात तसाच मागू नका. तो अमेरिकी गेज, साधारण २ स्क्वेअर एमएमचा. आपल्याकडच्या जुन्या दुकानदाराच्या डोक्यात ब्रिटिश गेज असतो आणि त्यातला १४ नंबर चांगलाच जाड निघतो. मुंबईच्या लोहार चाळीत जा की पुण्याच्या तपकीर गल्लीत, मागायचं ते स्क्वेअर एमएममध्येच. स्क्वेअर एमएम हे तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ, व्यासाशी त्याची गल्लत नको. स्वस्त स्पीकर वायर पात्याने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. रोध जास्त, शिवाय तारा लवकर तुटतात. परत करा.

४. सिग्नल, एलईडी. लॅन केबलमधल्या तारा पुरतात. गाडीचा रूळ बदलणाऱ्या कॉइलवाल्या पॉइंट मोटरला मात्र पाऊण ते एक स्क्वेअर एमएम द्या, झटका क्षणाचा असला तरी करंट मोठा असतो.

५. रंग. एका रुळाला लाल, दुसऱ्याला काळा, शेवटपर्यंत तेच. २३० व्होल्टची वायर यांच्या जवळून नेऊ नका.

६. जोड. बसचं इन्सुलेशन दीड-दोन सेंटिमीटर सोला, फीडरचे तीन-चार वेढे घट्ट घाला आणि रोझिन फ्लक्सने सोल्डर करा. अॅसिड फ्लक्स वापरलात तर काही महिन्यांत जोड हिरवा पडेल.

७. तपासणी. दर मीटरभर अंतरावर, फाट्यांवर आणि सायडिंगच्या (बाजूच्या रुळाच्या) टोकाला, दोन्ही रुळांवर नाणं दाबून धरा. बूस्टर त्याच क्षणी ट्रिप झाला पाहिजे. नाही झाला तर नाणं लगेच उचला, आधी त्या भागातले जोड आणि जॉइनर बघा, मग फीडर वाढवा. तरीही अडलं तर बस बदला.