तीन कॉम्प्युटर आणि एकच फोल्डर: एम. ई.ला येणाऱ्यांसाठी

बडोद्यात कलाभवनला, म्हणजे एम. एस. युनिव्हर्सिटीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, एम. ई.साठी येणाऱ्याचं काम बघता बघता तीन ठिकाणी पांगतं: लॅबमधला लिनक्स, स्वतःचा लॅपटॉप आणि घरचा विंडोज डेस्कटॉप. माझं घर दांडिया बाजारात, म्हणजे लॅब अगदी जवळ. तरी हवी ती फाइल नेमकी दुसऱ्याच मशीनवर असायची. गिट, म्हणजे फाइलींमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा आणि त्या सगळ्या मशीनवर जुळवून देणारा प्रोग्राम, वापरायला लागल्यापासून हा त्रास संपला, म्हणून नव्यांनी ते पहिल्याच सेमिस्टरला शिकावं असं मला मनापासून वाटतं.

गिट फक्त प्रोग्रामरांसाठी, असं समजून पुष्कळजण लांब राहतात. लिनस टोरवाल्ड्सनी २००५ साली ते लिनक्स कर्नलसाठी लिहिलं हे खरं, पण साध्या मजकुराची कुठलीही फाइल त्यात उत्तम राहते. नोट्स, लेटेकमधला (साध्या मजकुरातून छपाईची मांडणी करणारा प्रोग्राम) प्रबंध, संदर्भांची फाइल, छोट्या स्क्रिप्ट्स, सगळं एका ‘काम’ फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याचीच रिपॉझिटरी (गिट ज्याचा इतिहास सांभाळतं ते फोल्डर) करा. अख्खं होम फोल्डर त्यात ओढू नका.

वर्डची फाइल गिट सांभाळतं, पण तिच्यात कुठली ओळ बदलली हे नीट दाखवत नाही, आणि दोन मशीनवर वेगवेगळे बदल झाले तर त्यातली एकच प्रत निवडावी लागते. प्रबंध लेटेकमध्ये लिहा, आणि प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर. छापताना परिच्छेद एकसंधच दिसतो, पण गाइडनी एक वाक्य बदलायला लावलं की गिट तेवढंच वाक्य दाखवतं.

फोटो आणि व्हिडिओ बाहेरच ठेवा. कारण प्रत्येक मशीनवर जुन्या बदलांचा सगळा इतिहास उतरतो. फाइल आज काढून टाकली तरी इतिहासात राहतेच. गिटहब (रिपॉझिटरी नेटवर ठेवायची साइट) तर १०० एमबीच्या वरची फाइल घेतच नाही. पासवर्डचंही तेच: एकदा पुश झाला (नेटवरच्या प्रतीत पाठवला गेला) की तो बदलून टाकणं हाच उपाय.

मराठी नावांच्या फाइली असतील तर ‘गिट स्टेटस’मध्ये नावाऐवजी तिरप्या रेघा आणि तीन-तीन आकड्यांची रांग दिसते. घाबरू नका, फाइल शाबूत असते. ‘कोअर.कोटपाथ’ हे सेटिंग ‘फॉल्स’ केलं की ‘प्रकरण३’ व्यवस्थित वाचता येतं.

लॅबचं मशीन अनेकांचं असतं. तिथे आपलं नाव आणि ईमेल ‘ग्लोबल’ (त्या लॉगिनवरच्या सगळ्या रिपॉझिटरींना लागू) ठेवू नका, फक्त आपल्या रिपॉझिटरीपुरतं ठेवा. नाहीतर त्याच लॉगिनवर बसणाऱ्या पुढच्याचे कमिट (नोंदवलेले बदल) तुमच्या नावावर जातात. लॉगिनही साठवून ठेवू नका.

तिन्ही मशीन जिच्याशी जुळवायची ती मधली प्रत गिटहबच्या खाजगी रिपॉझिटरीत फुकट ठेवता येते. नेट नसेल तर पेन ड्राइव्हवर ‘बेअर’ रिपॉझिटरी (जिच्यात फक्त इतिहास असतो, उघडायच्या फाइली नसतात) करा, तीही तितकीच चालते. गूगल ड्राइव्हसारख्या आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये मात्र रिपॉझिटरी नको; आतल्या फाइली मागेपुढे पोचल्या की ती बिघडू शकते.

बसल्याबरोबर पुल (मधल्या प्रतीतले नवे बदल आणणं), उठण्याआधी कमिट आणि पुश. कमिटचा निरोप नीट लिहा: ‘गाइडच्या सांगण्यावरून प्रकरण ३ मधला दुसरा आलेख काढला’. व्हायव्हाच्या आधी तो आलेख परत हवा झाला की याच निरोपावरून सापडतो.

कधीतरी पुश राहतोच आणि कॉन्फ्लिक्ट येतो, म्हणजे एकाच जागी दोन मशीनवर वेगवेगळे बदल निघतात. फोल्डर पुसून पुन्हा क्लोन करू नका (नवी प्रत उतरवू नका), त्या मशीनवरचं न पाठवलेलं काम जाईल. फाइल उघडा, गिटनं घातलेल्या खुणांमधल्या दोन्ही बाजू वाचा, हवा तो मजकूर ठेवा, खुणा काढा आणि कमिट करा.