बांधावर बसून बेडकाचा आहार ओळखायचा तो असा

आमच्या यावल तालुक्यात केळीच्या मोटरीला लाईट बरेचदा रात्रीची मिळते. बटण दाबलं की दोन तास करायचं काय? मी बॅटरी घेऊन बांधावर बेडूक बघत बसतो. पोरं विचारतात, "अण्णा, बेडूक शाकाहारी का मांसाहारी?" मी उलट विचारतो, "केवढा बेडूक?"

कारण बेडूकमाशापासूनच सुरुवात करावी लागते. पाऊस झाला की डबक्यातले पाच-सहा बेडूकमासे त्याच पाण्यासकट काचेच्या बरणीत घ्या (नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं) आणि शेवाळाचा दगड टाका. बहुतेक जण तो दगड खरवडत बसतील. खालून बघा, पोटात आतड्याची गोल गुंडाळी दिसते. शेवाळ पचवायला आतडं लांब लागतं. पण मेलेला भाऊबंदही ते कुरतडतात, म्हणून माझ्या वहीत ते मिश्राहारी. काही जातींची पिल्लं तर नुसतं पाणी गाळून त्यातले बारीक कण खातात.

एकदा मी दोन डबक्यांतले एकाच बरणीत टाकले. सकाळी बघतो तर दहातले चारच उरलेले! आपला तो पावसाळ्यात पिवळाधमक होणारा मोठा बेडूक आहे ना, त्याची पिल्लं शेजाऱ्यालाच खातात. तेव्हा बरण्या वेगळ्या ठेवा, आणि बघून झालं की जिथले तिथे सोडा. पुढचे पाय फुटले की खाणं जवळपास थांबतं, शेपूट जिरवून दिवस निघतात.

मोठा झाला की मांसाहारीच. पण तेवढं लिहून भागत नाही. काय आणि कसं पकडतो तेही लिहा. पंपघराच्या दिव्याखाली खरखरीत अंगाचा बेडूक येतो, तो मुंग्या, वाळवी, भुंगेरे टिपतो. मेलेला किडा पुढ्यात ठेवा, ढुंकून बघणार नाही. दोऱ्याला बांधून हलवा, जीभ आलीच! त्याला दात नाहीत. गिळताना डोळे मिटून आत जातात आणि घास मागे ढकलतात. पिवळा बेडूक दबा धरून बसतो, तोंडात मावेल ते गिळतो: किडे, दुसरे बेडूक, उंदराचं पिल्लू, कधी लहान सापसुद्धा.

रात्री जागायचं नसेल तर सकाळी पंपघराच्या पायरीवरची बेडकाची विष्ठा बशीभर पाण्यात घालून बाभळीच्या काट्याने सोडवा. भुंगेऱ्यांची चकचकीत कवचं, मुंग्यांची डोकी भिंगातून मोजता येतात. बेडकाला मात्र फवारणीच्या हाताने शिवू नका, त्याच्या कातडीतून औषध आत जातं.

सह्याद्रीतलं देवगांडूळ (गांडुळासारखं दिसणारं, बिनपायांचं) तेही याच उभयचरांच्या वर्गातलं; ते मातीतली गांडुळं आणि वाळवी खातं. आणि ब्राझीलमध्ये एक झाडावरचा बेडूक चक्क फळं खातो. आमच्या केळीच्या घडाला अजून तरी कुणी बेडूक लागलेला नाही.