पावसाळी चित्रपट मालिका: या चुका टाळा

जुलै उजाडला की पुण्यातल्या निम्म्या कॉलेजांच्या फिल्म सोसायट्यांना जाग येते. नवीन कमिटी, नवीन पोस्टर, दर शुक्रवारी संध्याकाळी एक सिनेमा. आणि चुका मात्र जुन्याच. पोस्टरवर आठ दिवस खपणारी पोरं सिनेमाच्या फाइलला दोन मिनिटं देतात.

पहिली दोन मिनिटं बघून ‘चेक केलं’ म्हणणं. माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे. घोळ असतो तो दुसऱ्या तासात.

एका मालिकेत इराणी सिनेमा होता. फाइल एकीकडून उतरवलेली, सबटायटल्स दुसरीकडून. दुपारी तपासताना पहिला संवाद दोनेक सेकंद आधी उमटत होता. पोरांनी व्हीएलसी या सिनेमा लावायच्या प्रोग्रॅममध्ये सबटायटल उशिरा आणणारं एच बटण दाबून तो जुळवला आणि चहाला गेली. संध्याकाळी चाळिसाव्या मिनिटाला पडद्यावर म्हातारा निवांत चहा ओततोय आणि खाली ओळ आली, ‘बाबा गेले.’ हॉल हसायला लागला. लॅपटॉपवरचा मुलगा घामाघूम होऊन एच दाबत सुटला. एका दाबण्यात सबटायटल सरकतं 50 मिलिसेकंद आणि फरक होता दीड मिनिटाच्या वर. म्हणजे अठराशे वेळा तरी दाबायला हवं होतं, आणि तेवढ्या वेळात फरक आणखी वाढला असता.

कारण साधं आहे. सबटायटल्स सेकंदाला 25 चौकटींच्या प्रतीसाठी बनवलेली, आणि फाइल 23.976 ची. हा फरक चार टक्क्यांचा, त्यामुळे तो साचत जातो आणि दोन तासांच्या सिनेमात पाच मिनिटांवर पोचतो. पुढे-मागे सरकवून तो कधीच जात नाही, सबटायटलचा वेगच बदलावा लागतो. ‘सबटायटल एडिट’ नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट बदलून फाइल पुन्हा सेव्ह करा, काम पाच मिनिटांचं आहे. माझी सवय अशी की सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन संवाद बघायचे. तिन्ही जुळले तरच फाइल पास. आणि तरीही आदल्या दिवशी, त्याच लॅपटॉपवर, त्याच प्रोजेक्टरवर अख्खा सिनेमा बघायचा. ‘एवढा वेळ कुणाला आहे?’ असं विचारणाऱ्यांनी पोस्टरच करावीत, त्यात वाईट काही नाही.

पडदा ‘भरणं’. जुन्या सिनेमाची चौकट जवळजवळ चौरस असते, प्रोजेक्टरची रुंद, 16:9. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले की कुणीतरी उत्साही कार्यकर्ता रिमोटवरचं ॲस्पेक्टचं बटण दाबून चित्र ताणतो. प्रभातचा 1936 चा ‘संत तुकाराम’ असा ताणलेला बघायची शिक्षा मी भोगली आहे. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम एक तृतीयांशाने जाड झालेला, आणि शेजारी बसलेले प्राध्यापक म्हणतात, ‘आता कसं मोठं दिसतंय!’ काळे पट्टे असू द्या. ते दिसतायत म्हणजे चित्र बरोबर आहे.

ओटीटीवरून थेट लावणं. प्रोजेक्टरवर बऱ्याचदा आवाज येतो आणि चित्राच्या जागी काळोख, कारण कॉपी रोखणारं कुलूप मध्ये येतं. शिवाय ते खातं घरी बघण्यासाठी घेतलेलं असतं.

पेन ड्राइव्ह. ड्राइव्ह फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही. हे दरवर्षी कुणाला तरी शुक्रवारी साडेपाचला कळतं.

तारखा डोळे मिटून ठरवणं. इन-सेम (सत्रामधली परीक्षा) आणि गणपती कॅलेंडरमध्ये आधी खोडून टाका. ढोल-ताशा पथकांचा सराव संध्याकाळीच चालतो, हॉलजवळ पथक असेल तर संथ, शांत सिनेमा त्या आठवड्यात लावू नका. पत्र्याच्या छताखालीही तेच, जोराच्या सरीत संवाद ऐकू येत नाहीत.

प्रास्ताविक. पाच मिनिटं. सिनेमाचा शेवट सांगणाऱ्या पाहुण्याला पुढच्या वर्षी बोलावू नका.

वीज गेल्यावर घाई. बल्बचा प्रोजेक्टर गरम असताना लगेच पेटत नाही. बटण पुन्हापुन्हा दाबण्यापेक्षा दहा मिनिटं चहा प्या. लॅपटॉप बॅटरीवर चालूच असतो, तेव्हा सिनेमा आधी थांबवा, नाहीतर अंधारात तो पुढे निघून जातो.

‘सगळ्यांना प्रवेश खुला’ असं छापणं. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मधली सवलत शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमाला आहे, तीही प्रेक्षक कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असतील तर. शेजारच्या कॉलेजची पोरं, ओळखीचे काका-काकू त्यात बसत नाहीत. गावाला बोलवायचं असेल तर हक्क ज्याच्याकडे आहेत त्याला महिनाभर आधी पत्र लिहा. तारीख, जागा, किती खुर्च्या आणि तिकीट आहे की नाही, हे त्यात स्पष्ट असू द्या. होकार आला तर तो छापून दारावरच्या टेबलावर ठेवा.